दामूनानांची राखीव बाभूळ

माणूस भेटला की दामूनाना आधी त्याचं लाकूड ठरवतात. नाव, गाव, नोकरी हे सगळं मागाहून. मी या कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरवत होतो. शेजारच्या कंपाउंडवरून आधी एक पांढरी टोपी वर आली, मग दोन बारीक डोळे आले. त्या डोळ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निकाल आला, "शेवगा."

मला वाटलं शेंगा विकायला कोणी आलंय. मी म्हटलं, "आज नको, मामा."

शेवगा म्हणजे काय ते मला महिनाभराने कळलं. शेवग्याचं झाड दिसायला ऐसपैस, पण जरा वारा सुटला की मोडतं, आणि चुलीत घातलं तर जळायचं सोडून नुसतं फसफसतं. दामूनानांच्या जगात त्याच्याखाली एकच पायरी आहे, पपई. ती त्यांनी माझ्या मेव्हण्याला दिली आहे, त्यामुळे माझी फारशी तक्रार नाही.

आमच्या कॉलनीतला एकही माणूस या वर्गवारीतून सुटलेला नाही. सोसायटीचे चेअरमन सुबाभूळ. "नाव बाभळीचं घ्यायचं अन् आत नुसता भुसा." कोपऱ्यावरचे डॉक्टर कडुनिंब. "जळतो बरा, पण वास मारतो." माझ्या बायकोला, म्हणजे वैशालीला, मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात बोर ठरवून टाकलं. बोरीचं लाकूड चिवट असतं आणि निखारा धरून ठेवतं म्हणे. तेव्हापासून आमच्या घरात वाद झाला की वैशाली शांतपणे म्हणते, "शेवग्याने मध्ये बोलू नये."

त्यांची स्वतःची बायको, आमच्या नानी, त्या चिंच. चिंचेच्या लाकडाला आतून पीळ असतो. "घण मोडंल, पण फुटायची नाय," असं नाना अगदी अभिमानाने सांगतात. नानी तेव्हा पायरीवर बसून मेथी निवडत असतात. त्या मान वर न करता म्हणतात, "अन् हे कोण ते विचारा ना यांना. हे ढलपी. घाव कुठं, उडतात कुठं."

आज जिथे आमची रो-हाउस आहेत तिथे पूर्वी नानांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर आणि कडेकडेने झेंडू. अंबडचे कारखाने वाढत वाढत बांधापर्यंत आले आणि मळ्याचे प्लॉट पडले. नानांनी स्वतःपुरतं घर ठेवलं, मागच्या बाजूला कारखान्यातल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि या दोहोंच्या मध्ये एक अंगण राखलं. त्या अंगणात त्यांनी फरशी बसू दिली नाही. तिथे चिंचेचा एक बुंधा पुरलेला आहे. त्याच्यावर ओंडका उभा करायचा आणि फोडायचा, हा नानांचा उद्योग. कुणाच्या पडक्या गोठ्याचे खांब, रस्त्यात आलेली झाडं, विहिरीवरची जुनी तुळई, असं कुठून कुठून ते आणतात, वर्षानुवर्षं वाळवतात, आणि फोडलेलं सगळं त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबात जातं. घरात गॅस आहे. गच्चीवर सोलर बसवून द्यायला देवळ्याचे जावई एका पायावर तयार आहेत. पण नानांचं मत पक्कं आहे.

"गिझरचं पाणी वरून गरम, आतून गार. अंगावर घेऊन दारापर्यंत जाईस्तोवर थंडी परत हजर. बंबाचं पाणी हाडात उतरतं, साहेब."

मी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. नाना मला साहेब म्हणतात ते त्यामुळे. आदर म्हणून म्हणतात, असं मी तरी धरून चालतो.

लाकूड फोडणं म्हणजे कुऱ्हाड उचलायची आणि हाणायची, असा माझा समज होता. नाना आधी ओंडक्याशेजारी उकिडवे बसतात. बोटाच्या पेराने त्याच्यावर टकटक करतात आणि चक्क कान लावतात. टण्ण वाजलं तर लाकूड मुरलं. थप्प वाजलं तर, "आजून रडतंय." ओलं लाकूड आगीत घातलं की त्याच्या टोकाला पाणी येतं, फेस येतो आणि डोळे चुरचुरायला लावणारा धूर होतो. मुरलेलं लाकूड असले चाळे करत नाही. "माझ्या लाकडाला धूर दाखवा अन् माझ्या मिशा उतरवून न्या," हे नानांचं जाहीर आव्हान आहे. त्यांच्या मिशा भरघोस आहेत, म्हणजे ते अजून कोणी जिंकलेलं नाही.

रडणारा ओंडका परत भिंतीला लागतो, पुढच्या थंडीपर्यंत. कधी त्याच्या पुढच्याही. मी एकदा म्हटलं, "नाना, दोन वर्षं झाली याला. आता तरी फोडा." त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, "घाई लाकडाला नाय, साहेब. घाई तुम्हाला हाय."

एकदा माझ्या ऑफिसातली मंडळी आमच्याकडे चुलीवरचं मटण खायला येणार होती. चूल मी विटांची मांडली आणि लाकडं मागायला कंपाउंडपाशी गेलो. नानांनी डॉक्टर घेत नाहीत इतकी माहिती घेतली. मटण बोकडाचं का? शिजवणार कोण? रस्सा पातळ का दाट? मग म्हणाले, "भाकरीला तुराट्या चालतील. मटणाला बाभूळच पाहिजे. हा घ्या. पण तुमचं मटण, तुम्हीच फोडा."

मी बाह्या वर केल्या. पहिला घाव ओंडक्यावरून असा परतला की माझे दात वाजले. मुरलेली बाभूळ फोडणं म्हणजे दगडाशी भांडण. दुसऱ्या घावाला कुऱ्हाड रुतली ती रुतलीच. मग मी कुऱ्हाडीसकट ओंडका उचलायला गेलो, तो सुटला, गडगडत फाटकातून बाहेर गेला आणि चेअरमनसाहेबांच्या उभ्या स्कूटरला आडवं करून थांबला. नाना पायरीवर बसून तंबाखू मळत होते. "सुबाभळीवर राग व्हता तर सांगायचं ना आधी," ते म्हणाले. मग उठले, ओंडका परत आणला, त्याच्या डोक्यावरची भेग बोटाने चाचपली, भेगेत लोखंडी पाचर धरली आणि घणाचा एकच ठोका दिला. ओंडका दोन्हीकडे मुकाट्याने पडला. "त्यानी सोताच सांगितलं व्हतं कुठं फुटणार. तुम्ही इचारलं नाय."

मटण उत्तम झालं. धूर झाला नाही. मंडळींनी सगळं श्रेय वैशालीला दिलं.

या स्कूटर प्रकरणानंतर चेअरमनसाहेबांनी सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं, 'निवासी भागात उघड्यावर लाकूड पेटवू नये.' नाव कुणाचंच नव्हतं, पण कॉलनीत बंब एकच होता. नाना फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "अक्षर चांगलं हाय." पुढे थंडीत सलग ढगाळ दिवस आले. सोलरच्या नळातून बर्फाचं पाणी यायला लागलं. सकाळी मी दात घासत खिडकीशी उभा होतो, तर मफलर गुंडाळलेला एक माणूस रिकामी बादली पोटाशी धरून मागच्या बोळातून नानांच्या अंगणात शिरताना दिसला. मफलर मी ओळखला.

"या या," नानांचा आवाज साऱ्या गल्लीत गेला. "अगं ए, सुबाभूळ आलीया. तिला जरा कडकडीत दे."

फळा दुपारपर्यंत पुसला गेला.

आता त्या ढिगाबद्दल सांगतो. नानांच्या अंगणात लाकडाचे ढीग पुष्कळ, पण उत्तरेच्या भिंतीला लागून एक ढीग होता तो वेगळा. वाळवी लागू नये म्हणून खाली विटा लावलेल्या, आणि वर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सुतळीने घट्ट बांधलेला. हात जोडून हसणाऱ्या त्या पुढाऱ्याने मधल्या काळात दोन पक्ष बदलले, पण नानांच्या ढिगावरून तो हलला नाही. त्याच्याखाली बाभूळ होती. मळ्याच्या बांधावरची, नानांच्या वडिलांच्याही आधीची. प्लॉटचा रस्ता आखला तेव्हा ती मधोमध आली आणि तोडावी लागली. त्याच वर्षी नानांच्या एकुलत्या एक लेकीचं, संगीताचं लग्न झालं. ती देवळ्याला दिली, कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या घरात. नानांनी बाभळीचे ओंडके करून रचले, फ्लेक्स बांधला आणि जाहीर केलं, "ही संगीच्या बाळंतपणाची. याला कोणी हात लावायचा नाय."

पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंतिणीला रोज कडकडीत पाणी लागतं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं असतं, आणि त्या पाण्याखाली धुराचं लाकूड चालत नाही. त्यामुळे ही तयारी आधीपासून. त्यात नवल काही नव्हतं.

सुरुवातीला लोक चेष्टेने विचारायचे, "नाना, पुढारी कधी उतरवताय?" नाना मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "येळ आली की." होळीच्या आदल्या दिवशी कॉलनीतली पोरं लाकूड पळवायला निघत, कारण होळीचं लाकूड मागून आणलं तर मजा नाही. तेव्हा नाना त्या ढिगावर खुर्ची टाकून, पुढाऱ्याच्या नाकावर पाय ठेवून बसायचे आणि पोरांना म्हणायचे, "बाकीचं सगळं चोरा. मी इकडं बघतो." पोरंही बाकीचंच चोरायची.

मग वर्षं गेली. संगीताकडे काही बातमी नव्हती. डॉक्टर झाले, देवस्थानं झाली. दिवाळीला ती माहेरी आली की अंगणात यायची, त्या ढिगाकडे पाठ करून बसायची. पुढाऱ्याचा चेहरा उन्हाने उडून नुसते दात राहिले. लोकांनी विचारायचं सोडून दिलं. चेअरमनसाहेबांनीसुद्धा अख्ख्या अंगणाविरुद्ध तक्रारी केल्या, पण त्या ढिगाचं नाव कधी काढलं नाही. हे लक्षात आल्यावर मी त्यांना सुबाभूळ म्हणायचं जरा कमी केलं. नाना मात्र दर पावसाळ्याआधी सुतळी बदलायचे. फ्लेक्सखाली हात घालून एखाद्या ओंडक्यावर टकटक करायचे आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल असं म्हणायचे, "मुरतंय."

गेल्या थंडीत नानांच्या मागच्या खोलीत राहणारी पूजा बाळंत झाली. ती आणि तिचा नवरा राकेश बिहारकडचे. राकेश अंबडला लेथवर आहे. पूजाची आई यायची होती, पण नेमका तिचा पाय मोडला. दवाखान्यातून पोरगी त्या एवढ्याशा बाळाला घेऊन खोलीत आली आणि दाराशीच रडायला लागली. नानींनी बाळ तिच्या हातातून घेतलं आणि त्या दिवसापासून बाळंतिणीचं सगळं आपल्या अंगावर घेतलं. तेल लावणं, न्हाऊ घालणं, डिंकाचे लाडू. नाना पाण्याच्या कामाला. न्हाणीच्या पत्र्यापलीकडे बंबापाशी बसून ते आपल्या हिंदीत ओरडायचे, "बेटी, ये पानी घाबरनेका नाय! ये हड्डी में उतरता हाय!" आतून पूजा "जी बाबूजी" म्हणायची. तिला काय कळायचं देव जाणे, पण पाणी आवडायचं.

संक्रांतीच्या सुमाराला अवकाळी पाऊस आला आणि दोन दिवस कोसळला. द्राक्षवाल्यांचं तर तोंडचं पाणी पळालं. इकडे अंगणातले नानांचे सगळे उघडे ढीग भिजून चिंब झाले. तिसऱ्या दिवशी बंब पेटवला तो असा धुमसला की न्हाणी धुराने भरली, बाळ खोकून खोकून लाल झालं आणि नानी त्याला पदराखाली घेऊन पळत बाहेर आल्या. नानांच्या लाकडाला धूर! मिशांची आठवण करून द्यायची वेळ हीच होती, पण त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसलो.

राकेश बादलीत घालायचा हीटरचा रॉड घेऊन आला. "बाळंतिणीला करंट देतो का रे?" म्हणून नानांनी त्याला परत पाठवलं. गॅसवर पातेल्याने तापवून पाणी पुरेना, तेव्हा शेवटी वैशालीने आमच्या गिझरच्या पाण्याच्या बादल्या दिल्या. त्या मी वाहून नेल्या. शेवग्याच्या हातची, गिझरच्या पाण्याची बादली आपल्या अंगणातून जाताना बघणं नानांना किती जड गेलं, ते त्या दिवशी ते जेवले नाहीत यावरून कळलं.

नानींनी कोपर बुडवून पाणी बघितलं. म्हणाल्या, "कोमट हाय." मग नानांकडे न बघता म्हणाल्या, "ती बाभूळ कोरडी आसंल."

"ती संगीची हाय," नाना म्हणाले.

"हा ना. मी कुठं नाय म्हणते."

 चिंच पहिल्यांदाच माघार घेताना मी पाहिली. तो ढीग उघडायचा म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. संगीला आता मूल होणार नाही, हे बापाने स्वतःच्या हाताने कबूल करायचं. माझ्याने तिथे थांबवलं नाही. मी रिकाम्या बादल्या घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संगीता तिळाचे लाडू घेऊन आली. ती येणार हे आधीपासून ठरलेलं होतं, संक्रांतीला ती येतेच. मी बादली घेऊन अंगणात गेलो तेव्हा ती पूजाच्या बाळाला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. पाण्याचं काय चाललंय ते तिला नानींनी सांगितलं असावं. तिने बाळ आईकडे दिलं, आत जाऊन विळा आणला आणि सरळ उत्तरेच्या भिंतीकडे गेली. इतकी वर्षं तिने त्या बाजूला पाहिलंसुद्धा नव्हतं.

"संगे, ते नको," नाना उठून उभे राहिले.

"नाना, हे लाकूड बाळंतिणीचं ना?"

"तुझ्या बाळंतपणाचं हाय ते."

"माहेरच्या बाळंतिणीचं हाय," संगीता म्हणाली. "तिचं माहेर लय लांब हाय, नाना. माझं जवळ हाय. म्हणून तिला माझ्यातलं देऊन ऱ्हायले."

"दम धर की जरा. एवढी काय घाई हाय?"

"घाई लाकडाला नाय, नाना," ती म्हणाली. ती हसत होती. "बाळंतिणीला हाय."

आणि तिने सुतळी कापली. पुढारी दातांसकट खाली आला.

आतली बाभूळ काळपट पडली होती. साल कधीच गळून खाली पडलेली. नानांनी एक ओंडका चिंचेच्या बुंध्यावर ठेवला. उकिडवे बसून पेराने टकटक केलं आणि कान लावला. एरवी ते क्षणभर ऐकतात. त्या दिवशी कितीतरी वेळ कान लावून बसले होते. मग त्यांनी भेग चाचपली आणि पाचर धरायला हात पुढे केला, तर संगीताने ती आधीच धरली होती.

"बोटं संभाळ," नाना म्हणाले.

घणाचा एकच ठोका. बाभूळ उभी चिरली गेली आणि आतून लालबुंद निघाली. नानांनी एक फोड उचलून लेकीच्या हातात दिली. तिने ती हुंगली आणि बंबाकडे घेऊन गेली.

थोड्या वेळाने पत्र्याआड पूजाच्या अंगावर पाणी पडायला लागलं. बाळ आधी किंचाळलं, मग गप्प झालं. नानी काहीतरी गुणगुणत होत्या, संगीता तांब्याने पाणी घालत होती. मी बंबाशेजारी माझी गिझरची बादली घेऊन उभा होतो. तिची आता कुणालाच गरज नव्हती. समोर नाना बसले होते. ते टोपीने डोळे पुसत होते.

"धूर लय झाला, साहेब," ते म्हणाले.

मी बंबाकडे पाहिलं. आत निखारे लाल झाले होते आणि वर आकाश स्वच्छ होतं. धुराची रेघसुद्धा नव्हती.

"तुमच्या बाभळीला धूर, नाना?"

"आसंल एखादं ओलं," नाना म्हणाले.

मी म्हटलं, "असेल." मिशांचं नाव मी काढलं नाही.